घड्याळ उद्या सुरू होणार

मित्रांनो, मला आयुष्यात एकच पत्र आले आणि त्याचे उत्तर मी कित्येक वर्षे दिले नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? उत्तरे राहून जातात. खरे आहे. शिवाय मी एक जुना काळा फळा आहे. फळ्याला हात नसतात, आणि माझ्यावर आजवर जे काही लिहिले गेले ते दुसऱ्यानेच लिहिले. तरीही ते पत्र माझ्याच नावाने आले होते. पाकिटावर मोठ्या, गोल अक्षरांत लिहिले होते : 'काळा फळा, वाचनालयाच्या दाराशेजारी.' पोस्टमनने ते दोनदा वाचले, पाकिटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "घ्या साहेब, तुमचं टपाल." मग खडू ठेवायच्या माझ्या पट्टीवर पाकीट उभे करून तो हसत हसत सायकलवरून निघून गेला.

त्या पत्राची गोष्ट सांगायची, तर आधी माझी सांगावी लागेल. ती फार मोठी नाही. मधेच कंटाळा आला तर खुशाल पान उलटा, मला वाईट वाटणार नाही. थोडेसे वाटेल.

माझा जन्म झाला तो शाळेसाठी. सुताराने दोन रुंद फळ्या एकाखाली एक सांधल्या, चौकट ठोकली, काळ्या रंगाचे हातावर हात दिले आणि मला उन्हात वाळत ठेवले. माणूस कसबी होता, पण वर्गाच्या दाराचे माप घ्यायला विसरला. मला आडवा धरून पाहिले, उभा धरून पाहिले, तिरका करून पाहिले. मी काही दारातून आत जाईना. हेडमास्तर म्हणाले, "दार मोडून फळा आत घेतला, तर त्याच वाटेने पोरं बाहेर पळतील." झाले. शाळेत पाऊल न टाकताच नापास झालेला मी बहुधा एकटाच असेन.

पुढे वाचनालयाच्या समितीने मला घेतले आणि दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर ठोकले. आयुष्य वाचनालयात गेले हो, पण पुस्तक म्हणाल तर एकही वाचलेले नाही. पुस्तके आत होती आणि मी बाहेर. दार उघडले की कागदाचा आणि जुन्या खळीचा वास यायचा, तेवढीच माझी विद्या. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकले-माकले, तर सांभाळून घ्या.

माझे काम असे होते. सकाळच्या गाडीने वाचनालयात वर्तमानपत्रे यायची, अगदी मोजकी. आत एकेका पानामागे चार-चार डोकी ताटकळत असायची. एक जण डाव्या पानावर, दुसरा उजव्या पानावर, आणि तिसरा मागून म्हणायचा, "उलटा आता, झालं ना?" ज्यांना कामावर जायची घाई त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी दिवसाचे मथळे खडूने माझ्यावर लिहिले जात. माझ्या दोन फळ्यांच्या मधे एक सांधा होता. तिथे खडू अडखळायचा. म्हणून सांध्याच्या वर जगाच्या बातम्या लिहायच्या आणि सांध्याखाली एकच ओळ, आपल्या गावची.

हे लिहिणारे गृहस्थ म्हणजे वाचनालयाचे ग्रंथपाल. सगळे त्यांना मथळेमास्तर म्हणत. सडपातळ अंग, जाड भिंगाचा चष्मा, बोलण्याआधी हलकेसे खोकायची सवय. एखाद्याने वेळ विचारली तरी मास्तर म्हणायचे, "बहुधा दहा." हा 'बहुधा' शब्द खरे तर त्यांचाच. अंगावर लिहून लिहून तो माझ्यात मुरला. एक मथळा लिहिला की मास्तर रस्ता ओलांडून पलीकडे जात, तिथून माझ्याकडे पाहत, परत येत, पुसत आणि पुन्हा लिहीत. मात्र फळ्यावर त्यांचा हात मोकळा चालायचा. कागद पुढे आला की तोच हात गोठायचा. आत टेबलावर समितीला साधा अर्ज लिहायचा झाला, तरी टोपली चुरगळलेल्या कागदांनी भरायची.

मित्रांनो, त्या काळच्या बातम्या तुम्हाला आज खोट्या वाटतील. गावात पहिला टेलिफोन आला तेव्हा माझ्यावर मथळा होता : 'गावात टेलिफोन आला, दुसरा येईपर्यंत बोलता येणार नाही.' मग, 'अतिवेगाने सायकल चालवणाऱ्यास दंड.' मग, 'तरुणांच्या लांब केसांमुळे न्हाव्यांमध्ये चिंता.' हवामानाच्या बातमीत मास्तर कधी चुकले नाहीत, कारण ते लिहायचे, 'पाऊस पडण्याची किंवा न पडण्याची शक्यता.' एकदा मथळा आला, 'दूरचित्रवाणीमुळे वाचनाची सवय सुटेल : तज्ज्ञ.' तो वाचायला मात्र कोणी थांबले नाही. सगळा रस्ता कोपऱ्यावरच्या दुकानात आलेली दूरचित्रवाणी पाहायला गेला होता.

माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी मास्तरांनी सांध्याच्या वर माझी अख्खी फळी एकाच मथळ्याने भरून टाकली : 'चंद्रावर मानवाचे पाऊल.' आणि सांध्याखाली, रोजच्यासारखी गावची ओळ : 'वाचनालयाचा जिना नादुरुस्त, वर जाऊ नये.'

लोक हसले. मास्तरांना कळेना का हसतात ते. दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या.

त्यांच्या हातून मोठी चूक अशी एकदाच झाली. त्या दिवशी मथळा होता, 'जुना पूल पाडण्याचा विचार नाही.' अक्षरे जरा ऐसपैस पडली आणि 'नाही'ला जागा उरली नाही. मास्तरांनी तो शब्द माझ्या उजव्या कडेला बारीक अक्षरांत बसवला. तेवढ्यात समितीचे अध्यक्ष आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे आपली छत्री माझ्या उजव्या कोपऱ्याला अडकवली. 'नाही' छत्रीमागे गेला. दुपारपर्यंत गावभर झाले, की पूल पाडणार. दूधवाला लांबच्या वाटेने गेला, दूध नासले. एका नवरदेवाकडची मंडळी नदीच्या अलीकडच्या काठावरच थांबली. सगळ्यात कहर म्हणजे अध्यक्षांनी दुपारी आपली छत्री नेली, गावगप्पा ऐकल्या, आणि संध्याकाळी घामाघूम होऊन आले.

"मास्तर, अहो पूल पाडणार म्हणून मी स्वतः नदीला वळसा घालून आलो! आणि पूल तर जागच्या जागी!"

"छत्री..." मास्तर म्हणाले.

"छत्रीचा काय संबंध?"

मास्तर खोकून आत गेले. भिडस्त माणूस. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक शिस्त लावून घेतली. बातमी नकाराची असली, की 'नाही' आधी लिहायचे. 'नाही : पूल पाडण्याचा विचार.' 'नाही : पाणीपट्टीत वाढ.' लोक थट्टा करायचे. शेजारपाजारची माणसे घरीसुद्धा तसेच बोलू लागली. "नाही : भूक." "नाही : झोप." मास्तर ओशाळे हसायचे, पण त्यांनी शिस्त मोडली नाही. 'नाही' छत्रीमागे गेला की काय होते, ते त्यांनी पाहिले होते.

आता वहिनींविषयी सांगतो.

माझ्या समोर, रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या आडोशाला एक टेबल होते. तिथे एक बाई इस्त्री करायच्या. सगळा रस्ता त्यांना वहिनी म्हणायचा. नवरा लवकर गेलेला, मुलगा परगावी नोकरीला. कोळशाची जड इस्त्री तापेपर्यंत त्या हात पुसत माझ्याकडे बघत बसायच्या. त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचे, कपडे मोजत असतील.

मग ते शेळीचे प्रकरण झाले. गावातली एक शेळी नगरपालिकेचा जिना चढून थेट गच्चीवर गेली आणि उतरेना. सांध्याखालची ओळ होती : 'शेळी नगरपालिकेच्या गच्चीवर, चढली कशी याची चौकशी सुरू.' दुसऱ्या दिवशी : 'शेळी उतरली, चौकशी सुरूच.' आणि काही दिवसांनी : 'शेळी चौकशी समितीला मुदतवाढ.'

ती ओळ लिहून मास्तर वळले, तोच पलीकडून आवाज आला, "मास्तर, मुदतवाढ कशाला हो? शेळी तर घरी गेली!"

मास्तर दचकले. "वहिनी, आपण... वाचता?"

"खालची ओळ वाचते."

"आणि वरच्या?"

"वरच्या वाचून काय करू? ते मंत्री काही माझ्याकडे इस्त्रीला कपडे टाकत नाहीत."

मास्तर रस्ता ओलांडून थेट वहिनींच्या टेबलापाशी गेले. त्यांच्या हातून असे कधी घडत नसे. वहिनी सांगत होत्या, आणि मी कान देऊन ऐकत होतो. शाळेत त्या गेल्याच नव्हत्या. पण शेळीची बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. फळ्यावर काय लिहिले आहे ते गिऱ्हाइकांकडून कळायचे, आणि मग इस्त्री तापेपर्यंत त्या एकेक अक्षर आवाजाशी जुळवत बसायच्या. शेळीपासून सुरुवात झाली, मग गच्ची आली, मग जिना आला.

"चौकशी यायला फार वेळ लागला," वहिनी म्हणाल्या.

"चौकशीला लागतोच," मास्तर म्हणाले. आणि स्वतःच्याच विनोदाने इतके गांगरले, की खोकत खोकत परत आले.

त्या दिवसापासून माझा नकाशाच बदलला. सांध्याखालची ओळ मोठी झाली, गोल झाली, शब्दांमधे चांगले अंतर पडले, आणि पलीकडे वहिनी ती अक्षरे कोळशाने पत्र्यावर गिरवू लागल्या. वरच्या बातम्या बारीक होत होत मुंग्यांएवढ्या झाल्या. एकदा अध्यक्ष माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "मास्तर, काय चाललंय काय? लढाई एवढीशी, आणि नळाचं पाणी एवढं मोठं?"

मास्तर खोकले. "लढाईचं... बहुधा सगळ्यांना ठाऊक आहे."

वहिनी पलीकडे पदराआड हसल्या. मी पाहिले.

मास्तरांच्या शर्टाच्या बाहीला नेहमी खडू लागलेला असायचा. वहिनी हटकायच्या, "मास्तर, अर्धी बातमी बाहीवर घेऊन फिरता. झटका ती." मला पुसायचे फडकेही त्यांनीच दिले. जुन्या चादरीचा मऊ तुकडा, कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला. इस्त्रीजवळ ठेवल्यामुळे तो कोमट असायचा. मित्रांनो, फळ्याला रोज पुसले जाणे म्हणजे रोज सगळे विसरणे. पण त्या कोमट फडक्याने पुसून घ्यायला मला कधी वाईट वाटले नाही.

गावच्या मनोऱ्यावर एक मोठे घड्याळ होते. ते बंद पडले, आणि सांध्याखाली ओळ आली : 'मनोऱ्याचे घड्याळ उद्या सुरू होणार.' उद्या ते सुरू झाले नाही. नगरपालिकेने पुन्हा उद्याचे सांगितले. मास्तर तरी काय करणार, पुन्हा तीच ओळ लिहिली. असे इतक्या वेळा झाले, की ती बातमी राहिली नाही, दोघांचा नमस्कार झाला. सकाळी दुकान मांडताना वहिनी विचारायच्या, "मास्तर, घड्याळ?"

"उद्या. बहुधा."

"बरं."

एवढेच. याहून जास्त त्या रस्त्यावर कोणी काही बोलले असते, तर मला ऐकू आले असते. बोलले नाही.

मग वहिनींच्या गुडघ्यांनी दगा दिला. उभ्याने इस्त्री होईना. मुलगा न्यायला आला. त्या सकाळी टेबल रिकामे होते, पत्र्याखाली एक गाठोडे आणि एक ट्रंक होती. वहिनी काठी टेकत टेकत रस्ता ओलांडून माझ्यासमोर आल्या. इतक्या जवळून त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिले. मोठ्याने, न अडखळता, सगळी ओळ वाचली : "मनोऱ्याचे घड्याळ उद्या सुरू होणार." मग म्हणाल्या, "मास्तर, मी चालले. सुरू झालं की कळवा हं."

मास्तरांच्या हातात खडू होता. त्यांना काहीतरी बोलायचे होते, एवढे मला कळले, कारण खडूचे दोन तुकडे झाले.

"कळवतो," मास्तर म्हणाले.

वहिनींना घेऊन मुलाची गाडी कोपऱ्यावर वळली. मास्तरांनी त्या दिवशी मला पुसले नाही.

आणि मग ते पत्र आले. दुपारी वाचनालयात कोणी नसताना मास्तरांनी पट्टीवरून पाकीट उचलले, रस्त्याकडे पाठ केली आणि पुटपुटत वाचले. फक्त मलाच ऐकू गेले. माझेच पत्र होते म्हणा.

'फळेदादांना नमस्कार. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत. इथे मुलाच्या घरी पेपर येतो, पण त्याला खालची ओळ नाही. सगळ्या वरच्याच. शेळीच्या चौकशीचं पुढे काय झालं? जिना झाला का? घड्याळ सुरू झालं का, तेवढं नक्की कळवा. लिहिणाऱ्यांना सांगा, बाहीवरचा खडू झटकत जावा. आता सांगणारं तिथे कोणी नाही. सून म्हणते, पत्र माणसाला लिहितात. मी म्हटलं, माणूस लाजतो. फळा लाजत नाही.'

खाली पत्ता होता.

मास्तरांनी पाकिटावरचा माझा पत्ता पुन्हा वाचला. मग खोकले आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आलंय." पत्र घडी करून त्यांनी खिशात ठेवले. वाचनालयाच्या फायलीत लावले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची एक फेरी वाढली. यायच्या आधी ते मनोऱ्यापर्यंत जाऊन घड्याळाकडे पाहून येत. "सुरू झालं, की लगेच लिहू," असे मला सांगत. "चुकीची बातमी कशी द्यायची?" एकदा तर घड्याळ खरेच सुरू झाले. मास्तर धावत आले, आतून कागद आणला, माझ्याच पट्टीवर ठेवून पहिली ओळ लिहिली, आणि दुसरी सुचेपर्यंत पोस्टमन सांगत आला, "मास्तर, बंद पडलं बघा पुन्हा." मास्तरांनी कागद चुरगळला. मला उगीच वाटले, की त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटकाही होती. घड्याळाच्या आड कोणीतरी लपते आहे, असा मला तेव्हाच संशय आला होता. पण मी फळा. मला काय कळते, म्हणून गप्प बसलो. बोलता येत असते तरी बहुधा गप्पच बसलो असतो.

पुढे माझेही दिवस फिरले. नवी समिती आली आणि माझ्या जागी विजेची पाटी लागली. तिच्यावर लाल अक्षरे उजवीकडून डावीकडे पळायची. ओठ हलवून वाचणारा 'मंत्रिमंडळात'पर्यंत पोहोचेतो फेरबदल होऊन मंत्री पुढे निघून गेलेले असायचे. तिला सांधा नव्हता आणि खालची ओळही नव्हती. मला काढले आणि मागच्या खोलीत दोन ट्रंकांवर पालथा घातला. माझ्या पाठीवर पुस्तके चिकटवायची खळीची भांडी ठेवली. मास्तर निवृत्त झाले. जाताना मागच्या खोलीत आले, भांड्यांमधून वाट काढून माझ्या चौकटीवर हात ठेवला आणि गेले.

अंधारात तोंड खाली करून पडलेल्याला दिवसांचा हिशेब राहत नाही. माझ्या अंगावर मास्तरांनी लिहिलेली शेवटची ओळ अजून होती. ती कोणी पुसली नव्हती. एवढाच काय तो आधार.

एका सकाळी दार उघडले आणि एक तरतरीत आवाज आला, "हाच का तो, काका?" ही मास्तरांची पुतणी. मास्तरांनी लग्न केले नव्हते. भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत राहत, आणि आता ही पुतणीच त्यांचे सगळे बघत होती.

"हाच. बहुधा."

"बहुधा काय? तुमच्याच अक्षरातलं आहे सगळं," वाकून माझ्याखाली बघत ती म्हणाली.

तिच्या बोलण्यातून मला कळले ते असे. नगरपालिकेने मनोऱ्याचे घड्याळ कायमचे काढून टाकायचे ठरवले होते. मास्तरांनी ती बातमी सकाळी घरी वाचली, आणि वर्तमानपत्र हातात घेऊन नुसते बसून राहिले. पुतणीने खोदून खोदून विचारले तेव्हा खिशातून पत्र निघाले. घड्यांवर फाटत आलेले.

"घड्याळ आता सुरूच होणार नाही, काका. मग आता कशासाठी थांबायचं? मी कागद दिला, पेन दिलं. तर म्हणता, आधी फळा बघू."

"कागदावर पुसता येत नाही गं," मास्तर म्हणाले. "एकदा लिहिलं की लिहिलं."

हल्लीच्या ग्रंथपाल बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "न्या की दारात. विजेची पाटी तशीही अर्ध्या ओळीवर अडकून पडली आहे." खळीची भांडी उतरली. आत पेपर वाचत बसलेल्या चौघांनी मिळून मला बाहेर आणले आणि माझ्या जुन्या भिंतीला टेकवून उभे केले. मित्रांनो, इतक्या उजेडाची सवय राहिली नव्हती. समोर पत्र्याचा आडोसा नव्हता. झेरॉक्सचे दुकान होते, आणि त्याच्या शेजारी टपालपेटी.

मास्तरांनी फडके भिजवले, घट्ट पिळले. गार होते, पण चालले. मग त्यांनी खडू घेतला. वरच्या फळीवर पहिला मथळा उमटला :

'मनोऱ्याचे घड्याळ कायमचे काढणार.'

ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिथून पाहिले, परत आले. पुसले नाही. पुढचे लिहिले.

'शेळी चौकशी समितीचा अहवाल प्रलंबित. शेळी निर्दोष, बहुधा.'

'वाचनालयाचा जिना दुरुस्त. चढणाऱ्यांचे गुडघे नादुरुस्त.'

'बाहीवरचा खडू रोज झटकला जातो.'

पुतणी हसत होती, डोळे पुसत होती. मग सांधा आला. मास्तर थांबले. सांध्याखालची सगळी फळी रिकामी होती. मास्तर खोकले, वाकले, आणि मोठ्या, गोल अक्षरांत, शब्दांत चांगले अंतर सोडून त्यांनी लिहिले :

'नाही : विसरलो.'

लिहून झाले आणि त्यांनी झटकन फडके उचलले. मला ते येणार हे ठाऊक होते. आयुष्यभर तेच पाहिले होते. पण पुतणी पुढे झाली आणि तिने फडके त्यांच्या हातातून काढून घेतले.

"नाही, काका."

"शेवटची ओळ तरी पुसू दे. वरच्या चार पाठवू."

"वरच्या कोण वाचणार?" पुतणी म्हणाली. "त्या खालचीच ओळ वाचतात ना?"

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षे मी फळा होऊन त्यांच्यापुढे उभा होतो, पण असे त्यांनी मला कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी हात पुढे केला. "दे कागद."

माझ्या पट्टीवर कागद ठेवून, एकेक ओळ माझ्यावर पाहत, त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. शेवटची ओळ कागदावरही मोठीच काढली. खाली लिहिले, 'आपला, काळा फळा.' पुतणीने भुवया उंचावल्या. मास्तरांनी खोकून त्याखाली आणखी लिहिले, 'आणि लिहिणारा.'

"पत्ता जुना आहे," पाकीट बंद करताना ते म्हणाले. "त्या तिथे असतील का?"

पुतणीने पाकिटाला तिकीट लावले. उत्तर ठाऊक नसेल तर निदान तिकीट लावावे, हे तिला बरे कळत होते.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवण सांगावी असा आम्हा मनोगत सांगणाऱ्या वस्तूंत रिवाज आहे. मी शाळेत गेलेलो नाही, त्यामुळे शिकवायला मला जरा संकोच वाटतो. पण एवढे सांगतो. घरात, शाळेत, कचेरीत एखादी जुनी वस्तू अडगळ झाली असेल, तर तिला टाकण्याआधी एकदा उलटी करून पाहा. तिच्यावर कोणाची तरी ओळ पुसायची राहून गेलेली असेल. आणि तुमच्याकडे कोणाचे पत्र पडून असेल, तर मनोऱ्यावरचे घड्याळ सुरू व्हायची वाट पाहू नका. घड्याळ बंद आहे, एवढे कळवले तरी वाचणाऱ्याला पुरते.

मास्तर रस्ता ओलांडून गेले. माझ्याकडे वळून पाहायला नव्हे, या वेळी सरळ टपालपेटीकडे. पाकीट फटीत घातले, आणि हात तसाच ठेवला. मला वाटले, आता काढून घेतात. पलीकडून एक सायकल गेली, एक बाई मुलाला हाताला धरून गेली. मग पेटीच्या आत काहीतरी पडल्याचा हलका आवाज मला रस्त्याच्या अलीकडे ऐकू आला.

मास्तरांचा हात रिकामा बाहेर आला. त्यांनी बाहीकडे पाहिले आणि तिथला खडू झटकला.